पदवीची किंमत कोणी मोजायची?

दोन वर्षांपूर्वीची, जून महिन्यातील एका रविवारची गोष्ट. दुसरी मिस्सा आटोपून आम्ही चर्चच्या व्हरांड्यात आलो, तेव्हा एक शिक्षिका वाट पाहत उभ्या होत्या. पाऊस नुकताच उघडला होता. हातात मिटलेली छत्री, आणि काखेत प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले काही कागद. "फादर, पाच मिनिटे मिळतील का?" असे त्यांनी विचारले. पाच मिनिटे मागणारी माणसे बहुधा पाच वर्षांचे ओझे घेऊन आलेली असतात, हे इतक्या वर्षांच्या अनुभवाने आम्ही शिकलो आहोत. आम्ही खुर्ची पुढे केली.

बाईंचे वय एकोणचाळीस. माध्यमिक शाळेत मराठी शिकवतात. शिक्षण बी.ए., बी.एड. अकरावी-बारावीच्या वर्गांना शिकवायचे तर त्या विषयातील पदव्युत्तर पदवी लागते, ती त्यांच्यापाशी नाही. नोकरी सांभाळून दूरशिक्षणाने एम.ए. करावे, असे मनात आहे. पिशवीत प्रवेशाचा अर्ज होता आणि जुन्या गुणपत्रिकांच्या प्रती होत्या. घरी पती पाळीच्या नोकरीवर, मुलगी दहावीत, मुलगा सातवीत, आणि सासूबाई कमरेचे हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेल्या. "करू की नको, फादर? तुम्हीच सांगा. तुम्ही सांगाल तसे करते."

उत्तर आमच्या ओठांवर आले होते. धर्मगुरूच्या ओठांवर उत्तरे फार लवकर येतात. परंतु त्या दिवशी दोन जुन्या आठवणी आड आल्या आणि आम्ही गप्प राहिलो. त्या दोन्ही आठवणी वाचकांपुढे ठेवल्याशिवाय पुढचा विचार प्रामाणिकपणे मांडता येणार नाही.

पहिली आठवण सुमारे वीस वर्षांपूर्वीची, एका जुन्या धर्मग्रामातील. तेथेही अशीच एक प्राथमिक शिक्षिका हाच प्रश्न घेऊन आली होती. वाडीवरचे मोठे घर, एकत्र कुटुंब, कडेवर मूल. आम्ही तिला म्हणालो, "बाय, आहे त्यात समाधान मान. घर सांभाळणे हीसुद्धा देवाची सेवाच आहे." वाक्य खोटे नव्हते. परंतु त्याच आठवड्यात बँकेत नोकरी करणारा एक तरुण संध्याकाळच्या कायद्याच्या वर्गासाठी शिफारसपत्र मागायला आला, तेव्हा आम्ही त्याची पाठ थोपटून पत्र लिहून दिले होते. त्याच्याही घरी लहान मूल होते. त्याला आम्ही समाधानाचा उपदेश केला नाही. एकाच गोष्टीला पुरुषाच्या ठिकाणी आम्ही जिद्द म्हणालो आणि स्त्रीच्या ठिकाणी असमाधान.

पुष्कळ वर्षांनी एका महिन्याच्या मिस्सेला ती भेटली. बोलण्यात कडवटपणा नव्हता. ती म्हणाली, "फादर, तुम्ही नको म्हणालात तेव्हा मला बरेच वाटले होते. घरात कोणाशी भांडावे लागले नाही. नंतर कळले, ते भांडण करायला हवे होते." त्या वाक्याने आम्हांला कित्येक रात्री झोप लागू दिली नाही.

दुसरी आठवण आमची स्वतःची. तरुण साहाय्यक धर्मगुरू असताना आम्ही काम सांभाळून एम.ए. केले. त्या काळात दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना घरोघरी ख्रिस्तप्रसाद देण्याचे काम आमच्याकडे होते. पक्षाघाताने खाटेवर पडलेले एक वृद्ध गृहस्थ त्यांत होते. त्यांना बोलायला फार वेळ लागे. एकेक शब्द शोधून काढावा लागे. आम्ही रिक्षात पुस्तक उघडे ठेवून जात होतो आणि त्यांच्याकडे पाच मिनिटांच्या वर थांबत नव्हतो. एकदा ते हळूहळू म्हणाले, "फादर, चपला जशा बाहेर काढता, तशी ही घाई बाहेर ठेवता येत नाही का?" आम्ही हसलो आणि निघालो. परीक्षा उत्तीर्ण झालो. निकाल लागेपर्यंत ते गृहस्थ देवाघरी गेले होते. त्यांना सांगायचे काय होते, ते आम्हांला कधीच कळले नाही.

म्हणजे एका बाजूला आम्ही एकीला शिकू दिले नाही, ही चूक. आणि दुसऱ्या बाजूला स्वतः शिकताना दुसऱ्याच्या वाट्याचा वेळ उचलला, हीही चूक. दोन्ही चुकांचा कर्ता एकच. अशा माणसाने 'करा' किंवा 'करू नका' असे एका शब्दात सांगण्याचे धाडस करू नये. प्रश्नाची नीट उकल करावी, एवढेच त्याच्या हाती असते.

प्रथम हेतूचा विचार करू. बाराव्या शतकातील संत बर्नार्ड यांनी आपल्या एका प्रवचनात ज्ञान मिळवणाऱ्यांचे पाच प्रकार सांगितले आहेत. कोणी केवळ जाणायचे म्हणून जाणतो, ते कुतूहल. कोणी लोकांनी आपल्याला ओळखावे म्हणून जाणतो. तो मिरवण्याचा सोस. कोणी ज्ञान विकून पैसा वा मान मिळवण्यासाठी जाणतो, तो धंदा. कोणी दुसऱ्यांची उभारणी व्हावी म्हणून जाणतो; ते प्रेम. आणि कोणी स्वतःची उभारणी व्हावी म्हणून जाणतो; ते शहाणपण. संतांची ही वर्गवारी कडक आहे. संसारी माणसाच्या बाबतीत तिला थोडी जोड द्यावी लागेल असे आम्हांला नम्रपणे वाटते. पदवीमुळे पगार वाढेल आणि त्या पगारातून मुलीचे शिक्षण आणि म्हातारीचे औषधपाणी होईल, या हेतूला निव्वळ धंदा म्हणता येणार नाही. माणसाचे हेतू वेगवेगळ्या डब्यांत ठेवलेले नसतात, ते खिचडीसारखे एकत्र शिजलेले असतात. प्रश्न इतकाच, की त्यात तांदूळ कोणता आणि फोडणी कोणती?

आमच्या ओळखीचा एक तरुण आहे. वसई रोडहून चर्चगेटला जातो. गाडीतच सव्वा तास जातो आणि तेवढाच परतताना. कार्यालयातील बरोबरीच्या चौघांनी नोकरी करीत व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी घेतली, म्हणून यानेही कर्ज काढून ती घ्यायचे ठरवले. आम्ही त्याला एवढेच विचारले, "समज, ही पदवी मिळाली, पण ती मिळाल्याचे कोणालाही सांगता येणार नाही, अशी अट घातली, तर करशील का?" तो बराच वेळ गप्प राहिला. आठ दिवसांनी येऊन म्हणाला, "नाही फादर, करणार नाही. मला शिकायचे नव्हतेच. मला जेवणाच्या सुट्टीत त्या टेबलावर बसायची लाज वाटत होती." त्याने अर्ज भरला नाही. त्याच्या त्या नकाराला आम्ही हार मानत नाही. स्वतःच्या मनातील लाज ओळखणे हे एखादी परीक्षा उत्तीर्ण होण्यापेक्षा सोपे नाही.

परंतु हेतू तपासण्याचा आग्रह आळसाचे पांघरूणही होऊ शकतो. संत थॉमस अक्वायनस यांनी ज्ञानाच्या ओढीला आवर घालणारा एक सद्‌गुण सांगितला आहे. त्याचा अर्थ पुष्कळदा अर्धाच घेतला जातो. भलत्या कुतूहलाला तो सद्‌गुण लगाम घालतो हे खरे. पण ज्ञान मिळवण्याचे कष्ट नकोसे वाटणाऱ्या शरीराला तो पुढेही ढकलतो. 'या वयात कशाला?' हे वाक्य नम्रतेतून निघाले की आळसातून, हेही तपासलेच पाहिजे.

हेतूनंतर हिशेब. बुरूज बांधायला निघालेल्या माणसाने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असे प्रभू येशूने सांगितल्याचे लूकच्या शुभवर्तमानात आहे. आज शिकण्याच्या वाटा पूर्वीपेक्षा पुष्कळ रुंद झाल्या आहेत. मुंबई विद्यापीठाने १९७१ साली दूरशिक्षणाची सोय केली; इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ १९८५ साली आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले. मान्यताप्राप्त संस्थेकडून दूरशिक्षणाने वा ऑनलाइन घेतलेली पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची मानावी, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली स्पष्ट केले. मोबाइलवर रोज नवनव्या पदव्यांच्या जाहिराती येतात. त्यांतील संस्थेचे आणि अभ्यासक्रमाचे नाव आयोगाच्या मान्य यादीत आहे की नाही, हे पैसे भरण्याआधी पाहावे.

पैशाचा हिशेब मांडता येतो. वेळेचा हिशेब मात्र आपण मांडत नाही. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ एका श्रेयांकामागे विद्यार्थ्याचा ३० तासांचा अभ्यास धरते. एम.ए.चे ८० श्रेयांक धरले, तर २४०० तास होतात. दोन वर्षांत ते बसवायचे तर आठवड्याला सुमारे २३ तास लागतात. चार वर्षांत पसरले तर सुमारे साडेअकरा. आम्ही त्या बाईंपुढे हा हिशेब कागदावर मांडला. त्यांनी आकड्यांकडे पाहिले आणि म्हणाल्या, "फादर, हे तास आणायचे कुठून?"

हाच खरा प्रश्न आहे. हे तास आकाशातून पडत नाहीत. ते आधीच कोणाच्या तरी नावावर असतात. काही आपल्या झोपेच्या नावावर, काही मुलाच्या गृहपाठाच्या, काही सासूबाईंच्या कुशी बदलण्याच्या. पदवीपत्रावर नाव एकाचे असते, पण तिची किंमत घरातील चार माणसांनी मोजलेली असते.

या संदर्भात आम्हांला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण नेहमी आठवते. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून १९१७ साली त्यांना परतावे लागले. १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. पगारातून काटकसरीने पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि एका पारशी मित्राचे कर्ज घेतले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. या पदव्या त्यांनी मिळवल्या. त्या ज्ञानाने या देशाला काय दिले, हे सांगायला नको. परंतु त्या वर्षांत मुंबईत रमाबाईंनी दारिद्र्याशी झुंजत घर चालवले. त्यांच्या वाट्याला अपत्यवियोगाची दुःखेही आली. १९३५ साली त्या निवर्तल्या. पुढे पाकिस्तानच्या प्रश्नावरील आपला ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. किंमत कोणी मोजली, हे त्या थोर पुरुषाने विसरून टाकले नाही. आपण सामान्य माणसे. आपल्या पदवीने देश बदलणार नाही. म्हणून तर किंमत मोजणाऱ्याला आधी विचारण्याची जबाबदारी आपल्यावर अधिक आहे.

आता दुसरी बाजू. कर्तव्याची सबब कधीच संपत नाही. आज मुलीची दहावी, उद्या मुलाची. मग लग्ने, मग नातवंडे. घर जितके मागेल तितके द्यायचे ठरवले, तर देणाऱ्यापाशी एक दिवस द्यायला काहीच उरत नाही. आणि घरालाही सवय लागते, त्या हातांत पुस्तक असू शकते याचीच आठवण राहत नाही. तालंतांचा दाखला आपण दरवर्षी ऐकतो. ज्याने आपले तालंत पुरून ठेवले, त्याने ते उधळले नव्हते, चोरलेही नव्हते. त्याला फक्त भीती वाटली होती. त्याला दोष दिला गेला तो भीतीमुळे काही केले नाही म्हणून.

येथे संत इग्नेशियस लोयोला यांच्या विद्यार्थिदशेकडे पाहणे उपयोगी ठरेल. ते जन्मले १४९१ साली. १५२४ साली, तेहतीस वर्षांचे असताना, बार्सेलोना शहरात ते लहान मुलांच्या बरोबरीने लॅटिन व्याकरण शिकायला बसले. अभ्यासाला बसले की प्रार्थनेतील मधुर विचार मनात दाटून येत आणि शब्दरूपे पाठ होत नसत. अखेर त्यांच्या ध्यानात आले, की ध्यानमंदिरात न येणारे हे विचार नेमके व्याकरणाच्या वेळीच येतात. म्हणजे हा मोह आहे, पवित्र वेष घेतलेला. त्यांनी गुरुजींकडे जाऊन हे कबूल केले आणि वर्गात नियमित बसण्याचा शब्द दिला. पुढे आल्काला येथे त्यांनी घाईने अनेक विषय एकदम हाती घेतले आणि पाया कच्चा राहिला. १५२८ साली पॅरिसला गेल्यावर त्यांनी पुन्हा मुलांबरोबर पहिल्यापासून लॅटिन सुरू केले. पैसे संपले तेव्हा एखाद्या अध्यापकाच्या घरी चाकरी करून शिकावे म्हणून ते वणवण फिरले. चाकरी मिळाली नाही. मग सुट्टीत फ्लँडर्समधील स्पॅनिश व्यापाऱ्यांकडे जाऊन वर्षाची भिक्षा आणू लागले. १५३५ साली त्यांना मास्टर ऑफ आर्ट्सचे पदवीपत्र मिळाले, तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती.

या वृत्तान्तातून आम्ही तीन गोष्टी घेतो. वय ही अडचण आहे, बंदी नाही. घाईने केलेले शिक्षण दोनदा करावे लागते. आणि चांगले कामसुद्धा चुकीच्या वेळी मोह ठरू शकते. पाठांतराच्या वेळी प्रार्थना जशी मोह होती, तशी खाटेवरच्या वृद्धाजवळ बसण्याच्या वेळी आमच्या मांडीवरचे पुस्तक मोह होते.

त्यांचे पॅरिसमधील सहाध्यायी संत फ्रान्सिस झेवियर १५३० साली मास्टर झाले आणि तेथेच तत्त्वज्ञान शिकवू लागले. तेच पुढे हिंदुस्थानात आले, आपल्या वसईलाही येऊन गेले. १५४४ साली त्यांनी येथून धाडलेल्या एका पत्रात पॅरिसच्या विद्वानांची आठवण काढली आहे. ज्यांच्यापाशी विद्या पुष्कळ, पण ती कामी लावण्याची इच्छा थोडी, त्यांच्यापुढे जाऊन ओरडावे असे त्यांना वाटत होते. लक्षात घेण्यासारखे हे, की विद्या नको असे त्यांनी म्हटले नाही. विद्येचे पुढे काय करणार, एवढेच त्यांनी विचारले.

त्या रविवारी आम्ही बाईंना हे सारे सांगितले नाही. इतका वेळ त्यांना नव्हता. आम्ही दोनच गोष्टी सांगितल्या. पहिली अशी, की आमची परवानगी मागू नका; ज्यांचे तास तुम्ही घेणार आहात, त्यांना विचारा. आज रात्री जेवणाच्या वेळी हा कागद सर्वांसमोर ठेवा, सासूबाईंच्या खाटेशेजारी. दुसरी अशी, की विचारताना डोळे खाली घालून, अपराध्यासारखे विचारू नका. तुम्ही घराकडे काही मागता आहात, पण घर तुमच्याकडून वर्षानुवर्षे काय घेत आहे, तेही त्याच कागदावर येऊ द्या.

पुढच्या रविवारी त्या आल्या. घरात वाद झाला होता. पतीने आरंभी नकार दिला, मग आठवड्यातून दोन संध्याकाळी स्वयंपाकाची जबाबदारी घेतली. मुलगी रडली, तिला दहावीत आई हवी होती, आणि तिचे म्हणणे सर्वांना पटले. सासूबाई शेवटी बोलल्या. त्या म्हणाल्या, "मला चौथीतून काढून वाडीवर घातले. मला कोणी विचारले नव्हते. आज पहिल्यांदा या घरात मला कोणी काही विचारले." आणि त्यांनी होकार दिला.

ठरले ते असे: मुलीचे दहावीचे वर्ष पार पडेपर्यंत थांबायचे, आणि मग दोन वर्षांचा अभ्यास चार वर्षांत करायचा. अर्ज पिशवीत परत गेला. गेल्या वर्षी नवा अर्ज भरला गेला. पहिल्या परीक्षेत एक पेपर राहिला आहे; तो पुन्हा द्यायचा आहे. पदवी मिळाल्यावर कनिष्ठ महाविद्यालयात जागा मिळेलच असेही नाही. जागा रिकामी व्हावी लागते आणि ज्येष्ठताही पाहिली जाते. हे सारे बाईंना ठाऊक आहे.

वाचकहो, या गोष्टीचा शेवट यशाने करण्याचा मोह आम्ही टाळतो, कारण अजून शेवट झालेला नाही. आपल्या घरांत आज अशा पिशव्या पुष्कळ आहेत. कोणाच्या पिशवीतील अर्ज भरला जावा, कोणाचा फाडला जावा, कोणाचा वर्षभर थांबावा. यांपैकी कोणताही निर्णय मुळात लहान नाही. फक्त तो एकट्याने, गुपचूप आणि दुसऱ्याच्या खात्यातून केलेला नसावा.

त्या वृद्ध गृहस्थांचे घर आता बंद आहे. मुले परदेशी गेली. कधी त्या बाजूने जाणे झाले, तर आम्ही दारासमोर क्षणभर थांबतो आणि मग पुढच्या आजाऱ्याकडे जातो. हल्ली बरोबर पुस्तक नेत नाही.